डागाची साक्ष

याकोबाच्या हाती योसेफाचा रक्ताने माखलेला झगा आला, तेव्हा त्या वृद्ध पित्याने कसलीही चौकशी केली नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील सदतिसाव्या अध्यायातील हा प्रसंग आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. भावांनी योसेफाला परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती विकले, एक बकरा मारला, त्याच्या रक्तात तो झगा बुडवला आणि बापाकडे पाठवून दिला. येथे एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. भावांनी तोंडाने खोटे असे काहीच सांगितले नाही. हा झगा आपल्या मुलाचा आहे किंवा नाही ते ओळखावे, एवढीच त्यांनी बापाला विनंती केली. उरलेली कथा बापाने आपल्याच मनाने रचली. हिंस्र पशूने आपल्या मुलाला फाडून खाल्ले, असे त्याने ठरवून टाकले. झगा योसेफाचा होता, हे खरे होते. झग्यावर रक्त होते, हेही खरे होते. परंतु ते रक्त योसेफाचे नव्हते, माणसाचेदेखील नव्हते. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांतून एक खोटी गोष्ट निघाली आणि त्या खोट्या गोष्टीपायी एका बापाने सुमारे बावीस वर्षे शोक केला.

या प्रसंगाची आठवण मला गेल्या वर्षी अगदी अनपेक्षित ठिकाणी झाली. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी न्यायसहायक विज्ञानाचे शिक्षण घेत आहे. युवकांच्या उन्हाळी शिबिरात तिने एक प्रात्यक्षिक करून दाखवले. तीन पांढऱ्या फडक्यांवर तिने तीन डाग पाडून आणले होते. एक कोंबडीच्या रक्ताचा, एक स्वतःच्या बोटातील रक्ताचा आणि तिसरा मुळ्याच्या रसाचा, गेरू मिसळून तांबूस केलेला. कोणता डाग कशाचा हे तिने सांगितले नव्हते. प्रत्येक डागावर ओला कापूस फिरवून त्यावर तिने प्रथम एका रंगहीन द्रावणाचा थेंब टाकला, क्षणभर थांबली आणि मग हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब टाकला. पहिले दोन कापूस पाहता पाहता गुलाबी झाले. तिसराही झाला, किंचित उशिराने. मुले टाळ्या वाजवू लागली. ती म्हणाली, "थांबा. अजून मी तुम्हाला काहीच सिद्ध करून दाखवलेले नाही."

नंतर तिने खिशातून तीन लहान पट्ट्या काढल्या. करोनाच्या साथीत, २०२० नंतर, आपण सर्वांनीच तसल्या पट्ट्या पाहिल्या आहेत. एक रेघ उमटली तर पट्टी ठीक काम करते आहे असे समजायचे, दुसरीही उमटली तर जे शोधतो आहोत ते सापडले असे समजायचे. या पट्टीत माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिनला पकडणारी प्रतिद्रव्ये बसवलेली असतात. दहाएक मिनिटांत दुसरी रेघ उमटली ती एकाच पट्टीवर, तिच्या स्वतःच्या रक्ताच्या. कोंबडी आणि मुळा बाहेर पडले. याकोबाच्या तंबूत अशी एखादी पट्टी असती तर, असा विचार माझ्या मनात तेव्हाच चमकून गेला. बकऱ्याच्या रक्ताने ती दुसरी रेघ उमटली नसती.

पहिल्या चाचणीचे रहस्य तसे जुने आहे. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साईड ओतले की फेस येतो, हे आपण दवाखान्यात पाहतो. क्रिस्टियान शॉनबाईन या रसायनशास्त्रज्ञाने १८६३ साली याच गोष्टीचा उपयोग रक्त ओळखण्यासाठी होईल असे दाखवले. रक्तातील लोहयुक्त घटक पेरॉक्साईडमधील प्राणवायू मोकळा करतो, आणि त्या प्राणवायूने फिनॉल्फ्थॅलिनचे रंगहीन रूप पुन्हा गुलाबी होते. पण हे काम केवळ रक्तच करते असे नाही. मुळा, सलगम यांसारख्या वनस्पतींमधील पेरॉक्सिडेज नावाचे विकरही ते करते. तांब्याचे क्षार करतात. कपडे पांढरे करण्याची काही द्रव्ये करतात. म्हणून जाणकार या चाचणीला प्राथमिक चाचणी म्हणतात. तिच्या होकाराचा अर्थ एवढाच, की येथे रक्त असू शकेल, पुढे तपासा. पेरॉक्साईड टाकण्याआधीच कापूस गुलाबी झाला तर ती चाचणी बाद धरायची, असाही दंडक आहे. आणि केवळ या रंगावरून 'रक्त आहे' असे अहवालात लिहायचे नाही, हा तर पहिलाच धडा, असे ती मुलगी म्हणाली.

मला तो धडा नीतिशास्त्राचा वाटला. 'असू शकेल' आणि 'आहे' या दोन क्रियापदांमधले अंतर पार करण्याचा अधिकार कोणाला, केव्हा आणि कशाच्या बळावर मिळतो? सेमिनरीत आम्ही हा प्रश्न लॅटिन पाठ्यपुस्तकांच्या आधारे शिकलो होतो. तो कापसाच्या बोळ्यावर पाहण्याची वेळ पन्नाशी उलटल्यावर आली.

या अंतराची किंमत काय असते, हे समजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील एक खटला पाहिला पाहिजे. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्री त्या खंडाच्या मध्यभागी असलेल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी चेंबरलेन कुटुंब तंबू ठोकून राहिले होते. मायकल चेंबरलेन हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे पाळक. त्यांची पत्नी लिंडी, दोन मुलगे आणि नऊ आठवड्यांची अझारिया. रात्री लिंडीने आक्रोश केला, की डिंगो, म्हणजे तिकडचा रानटी कुत्रा, आपल्या बाळाला घेऊन गेला. तंबूत रक्त होते. शेजारच्या तंबूतील बाईने बाळाचे रडणे ऐकले होते. त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या आनंगू वाटाड्यांनी वाळूत डिंगोचे माग पाहिले होते. आठवड्याने बाळाचे कपडे सापडले, फक्त वरचे लहानसे जाकीट सापडले नाही. १९८१ च्या फेब्रुवारीत पहिल्या मृत्युचौकशीने आईचे म्हणणे खरे मानले.

पण लोकांनी मानले नाही. दूरचित्रवाणीवर ती पुरेशी रडली नाही, असे लोक म्हणू लागले. ती नीटनेटके कपडे घालते, शांतपणे बोलते, ही आईची लक्षणे आहेत का? त्यांचा पंथ लहान आणि अपरिचित होता. तेव्हा अझारिया या नावाचा अर्थ 'रानातील बळी' असा आहे, अशी आवई उठली. आपल्या वाचकांना सांगायला नको, की दानीएलाच्या तीन सोबत्यांपैकी एकाचे नाव अजऱ्या होते, आणि तोबीतच्या पुस्तकात राफाएल देवदूत तेच नाव धारण करून प्रवासाला निघतो. देवाने साहाय्य केले, असा त्या इब्री नावाचा अर्थ. कोणत्याही ग्रंथालयात पाच मिनिटांत कळू शकणारी ही गोष्ट पाहण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

मग पोलिसांनी त्यांची पिवळी मोटार ताब्यात घेतली. तिच्या आतील डागांवर प्राथमिक चाचणी केली गेली आणि रंग आला. डॅशबोर्डच्या खाली फवाऱ्यासारखे थेंब दिसले. पुढे प्रतिद्रव्यांची चाचणी झाली आणि हे तान्ह्या बाळाचे रक्त आहे, असा निष्कर्ष न्यायालयासमोर आला. कारण काही महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार असतो. आईने मोटारीत बाळाचा गळा चिरला, असे सरकारी पक्षाने मांडले. २९ ऑक्टोबर १९८२ रोजी डार्विन शहरातील ज्यूरीने तिला खुनी ठरवले. तिला जन्मठेप झाली. तेव्हा ती गरोदर होती. पुढच्याच महिन्यात तिला मुलगी झाली आणि ते बाळ तिच्यापासून काढून घेण्यात आले. १९८४ साली तिचे अपील तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले.

१९८६ च्या आरंभी खडकावरून पडून मेलेल्या एका प्रवाशाच्या शोधात फिरणाऱ्यांना ते हरवलेले लहान जाकीट सापडले. डिंगोंच्या वावराच्या जागेत. लिंडीची सुटका झाली आणि न्यायमूर्ती मॉर्लिंग यांच्या आयोगाने सारा पुरावा नव्याने तपासला. डॅशबोर्डखालचा तो भयंकर फवारा काय होता? कारखान्यात मोटारीचा आवाज कमी व्हावा म्हणून मारलेल्या डांबरी लेपाचे ते शिंतोडे होते. त्याच बनावटीच्या इतर मोटारींतही ते होते. रंग का आला असावा? चेंबरलेन कुटुंब माउंट आयझा या तांब्याच्या खाणींच्या गावात राहत होते, आणि तांब्याची धूळ प्राथमिक चाचणीला होकार देऊ शकते. ज्या प्रतिद्रव्यावर 'तान्ह्या बाळाचे रक्त' हा शब्दप्रयोग उभा होता, ते मानले होते तितके काटेकोर नव्हते. मूळ चाचणीच्या काचपट्ट्या तर खटल्याआधीच नष्ट करून टाकलेल्या होत्या, त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे. बचाव पक्षाला त्या पाहायलाच मिळाल्या नाहीत. सप्टेंबर १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. अझारियाच्या मृत्यूचे कारण डिंगो, ही नोंद अधिकृतपणे व्हायला मात्र १२ जून २०१२ उजाडावे लागले. जवळजवळ बत्तीस वर्षे.

याकोबाच्या गोष्टीशी हे प्रकरण ताडून पाहावे. तेथे पशूने काहीच केले नव्हते आणि बापाने पशूवर विश्वास ठेवला. येथे पशूनेच केले होते आणि कोणीही पशूवर विश्वास ठेवायला तयार झाले नाही. दोन्हीकडे डाग मुकाच होता. त्याला ज्याने त्याने आपल्या मनातले बोलायला लावले.

त्या मोटारीची चाचणी करणाऱ्यांनी जाणूनबुजून खोटे केले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला मला आधार नाही. किंबहुना तसे म्हणणे म्हणजे पुन्हा तीच चूक करणे होय. मला दिसते ते असे, की प्रयोगशाळेत 'असू शकेल' म्हणून निघालेला शब्द पोलीस ठाण्यात 'बहुधा आहे' झाला, वृत्तपत्रात 'आहे' झाला आणि चहाच्या टेबलावर 'मी तर आधीच म्हणत होतो' झाला. प्रत्येकाने थोडा थोडाच पल्ला गाठला. कोणालाही आपण फार मोठे पाप केले असे वाटले नसेल.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात संशयाच्या तीन पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत. क्षुल्लक खुणेवरून दुसऱ्याच्या चांगुलपणाविषयी मनात शंका येणे ही पहिली पायरी, आणि ती मानवी दुर्बलतेतच मोडते. त्या शंकेलाच निश्चिती समजून दुसऱ्याला दुष्ट ठरवणे ही दुसरी. न्यायाधीशाने नुसत्या संशयावर शिक्षा सुनावणे ही तिसरी. संशय कोठून उगवतो, याचीही ते चिकित्सा करतात. माणूस स्वतः वाईट असला की तो दुसऱ्यालाही तसाच समजतो. त्या व्यक्तीविषयी मनात अढी असली की लहानशी खूणही पुरते. आणि तिसरे कारण म्हणजे दीर्घ अनुभव. म्हणूनच म्हातारी माणसे अधिक संशयी असतात. पापनिवेदन ऐकत तीस वर्षे काढलेल्या आम्हा धर्मगुरूंना हे तिसरे कारण फार जवळून लागू पडते. आम्हाला वाटते, की आम्ही माणूस ओळखतो.

याच संदर्भात थॉमस एक धीट विधान करतात. दुर्जनाविषयी चांगले मत बाळगून अनेकदा फसणे पत्करावे, पण सज्जनाविषयी वाईट मत बाळगून क्वचित फसणेही बरे नव्हे. कारण दुसऱ्या प्रकारात एका माणसावर अन्याय होतो, पहिल्यात होत नाही. कोणा गणितज्ञाला हा हिशेब पटणार नाही. अधिक वेळा चुकणारी पद्धत चांगली कशी? पण थॉमस चुकांची संख्या मोजत नाहीत, चूक कोणाच्या अंगावर पडते ते पाहतात.

मग निश्चिती म्हणायचे तरी कशाला? पोप पायस बारावे यांनी १ ऑक्टोबर १९४२ रोजी रोमन रोटा या धर्मन्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे केलेल्या भाषणात याचे विवेचन केले आहे. एका टोकाला गणितासारखी निरपवाद निश्चिती, दुसऱ्या टोकाला नुसती संभाव्यता. न्यायाधीशाला हवी असते ती या दोहोंमधली नैतिक निश्चिती, जिच्यात कोणतीही सयुक्तिक शंका उरलेली नसते. संभाव्यता कितीही मोठी असली तरी ती निश्चितीचे काम करू शकत नाही. आपल्या देशातील फौजदारी न्यायाचे तत्त्वही याहून वेगळे नाही.

येथे कोणी म्हणेल, की या सगळ्यावरून फादर विज्ञानाच्या विरोधात बोलत आहेत. तसे मुळीच नाही. १९०१ च्या जुलैमध्ये जर्मनीतील र्‍यूगेन बेटावर दोन लहान भावांची निर्घृण हत्या झाली. लुडविग टेस्नो नावाच्या सुताराच्या कपड्यांवर डाग होते. ते लाकडाच्या रंगाचे आहेत, असे तो म्हणत होता. त्याच वर्षी पाउल उलेनहुट या वैद्यकाने माणसाचे रक्त आणि जनावराचे रक्त वेगळे ओळखण्याची रीत शोधून काढली होती. त्याने ते कपडे तपासले. काही डाग मेंढीच्या रक्ताचे निघाले, काही माणसाच्या. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात दोन मुलींची हत्या झाली होती आणि तेव्हाही हाच सुतार लाकडाच्या रंगाची सबब सांगून सुटला होता. उलेनहुटची परीक्षा तीन वर्षे आधी आली असती तर दोन मुलगे वाचले असते. १९८६ मध्ये इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात तर सतरा वर्षांच्या एका मुलाने एका मुलीच्या खुनाची कबुलीच देऊन टाकली होती. ॲलेक जेफ्रीज यांच्या डीएनए परीक्षेने दाखवले, की मृतदेहावर मिळालेले वीर्य त्याचे नव्हतेच. चाचणीने त्याला त्याच्या स्वतःच्या जिभेपासून वाचवले.

आणि विज्ञान नव्हते तेव्हा आपण ख्रिस्ती लोकांनी काय केले, तेही आठवले पाहिजे. १२९८ साली फ्रँकोनिया प्रांतातील रॉटिंगेन गावच्या यहुद्यांवर ख्रिस्तप्रसादाची विटंबना केल्याचा आरोप आला आणि त्यातून उसळलेल्या कत्तलीत गावेच्या गावे निर्यहुदी झाली. मध्ययुगात अशा आरोपांच्या मागे पुष्कळदा भाकरीवर उमटलेल्या लाल ठिपक्यांची कहाणी असे. संत अंतोनीच्या पादुआजवळ लेग्नारो या खेड्यात १८१९ साली मक्याच्या शिजवलेल्या पिठावर असेच लाल डाग उमटू लागले आणि गाव भयभीत झाला. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने ते एका सूक्ष्म जीवाचे काम असल्याचे दाखवले. जुन्या लाल ठिपक्यांचेही कारण बहुधा तेच असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. गाव शांत झाला. जी माणसे पाच शतकांपूर्वी जाळली गेली त्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचण्याची सोय नव्हती.

तेव्हा चाचणी हवीच. फक्त तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ती देते, हे ध्यानात असावे. पट्टीवरची दुसरी रेघ सांगते, की हे बहुधा माणसाचे रक्त. 'बहुधा' अशासाठी, की फेरेट नावाच्या लहानशा प्राण्याच्या आणि वानरकुळातील काही प्राण्यांच्या रक्तानेही ती रेघ उमटते. ते कोणाचे, केव्हा पडले, सूड घेताना पडले की भाजी चिरताना, यांविषयी पट्टी मौन पाळते. लाळेच्या चाचणीत शोधला जाणारा ॲमायलेज हा विकर शरीरातील इतर स्रावांतही असतो.

नकाराची कथाही अशीच. पट्टीवर रक्त अति झाले तर दुसरी रेघ उमटतच नाही, आणि नवख्या माणसाला वाटते रक्तच नाही. याहून गंभीर प्रश्न अत्याचाराच्या प्रकरणांत उभा राहतो. एखाद्या स्त्रीच्या कपड्यांवर वा शरीरावर वीर्याचा अंश मिळाला नाही, म्हणून ती खोटे बोलते असे म्हणणारे महाभाग मला भेटले आहेत, आणि ते सगळे अशिक्षित नव्हते. अंश न मिळण्याची कारणे अनेक असू शकतात: काळ लोटला असेल, आंघोळ झाली असेल, मुळात तसा स्रावच झाला नसेल. डाग सापडणे हा जसा निवाडा नव्हे, तसा न सापडणे हाही नव्हे.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायला घ्यावा लागला त्या गोष्टीकडे येतो. वीसएक वर्षांपूर्वी मी किनारपट्टीवरील एका लहान धर्मग्रामात होतो. एका सकाळी तेथील एकटे राहणारे एक वृद्ध गृहस्थ बावखलाच्या काठी मृतावस्थेत सापडले. डोक्याला जखम होती. ज्याने त्यांना प्रथम पाहिले तो त्यांचा पुतण्या, आणि वाडीच्या वाटणीवरून या काका-पुतण्यांत बोलणे बंद होते हे साऱ्या गावाला ठाऊक होते. पुतण्याच्या सदऱ्यावर आणि कोयत्यावर तपकिरी डाग होते. पोलिसांबरोबर आलेल्या माणसाने सदऱ्यावर कापूस फिरवून काही थेंब टाकले. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या एका मुलाने कापूस गुलाबी झालेला पाहिला. दुपारच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत 'रक्त निघालं' ही बातमी गावाच्या दोन्ही टोकांना पोहोचली होती.

पुतण्या आमच्या सणाच्या समितीचा चिटणीस होता. रविवारी मिस्सात तो वाचनही करी. संध्याकाळी पाच प्रतिष्ठित मंडळी माझ्याकडे आली. मी त्याला बोलावून घेतले. "तुम्ही थोडे दिवस जरा बाजूला राहा," मी म्हणालो, "गावाच्या शांततेसाठी." तो म्हणाला, "फादर, केळीचा चीक आहे तो. माझ्या सगळ्याच सदऱ्यांवर आहे." केळीच्या वाडीत राबणाऱ्याच्या कपड्यांना चिकाचे डाग असतात आणि ते काही केल्या निघत नाहीत, हे मला ठाऊक होते, मी त्याच मातीत वाढलो आहे. तरी मी काही बोललो नाही. येत्या रविवारी मी वेदीवरून जाहीर केले, की पुढील सूचनेपर्यंत समितीचे चिटणीसपद दुसऱ्या व्यक्तीकडे राहील. कारण सांगितले नाही. सांगण्याची गरजच नव्हती.

सात महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. सदऱ्यावरील डागांत रक्त असल्याची पुष्टी झाली नव्हती. कोयत्यावर रक्त नव्हते. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण हृदयविकार असे आले होते, आणि जखम पडताना दगड लागून झालेली. मग कापूस गुलाबी का झाला? अहवालात ते नव्हते. शिबिरातल्या त्या मुलीला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, झाडांच्या रसाने तसं होऊ शकतं. मुळ्याने झालं ना?" त्या अहवालाची झेरॉक्स पुतण्याने लिफाफ्यात घालून कार्यालयात आणून दिली होती. मी बाहेरगावी होतो. परतल्यावर ती वाचली, देवाचे आभार मानले आणि फाइलला लावली. नवे चिटणीस चांगले काम करत होते. विषय थंड झाला होता. तो उकरून काढावा असे मला वाटले नाही. तोपर्यंत तो आणि त्याची मुले मिस्साला शेजारच्या चर्चमध्ये जाऊ लागली होती.

त्या वेळी माझ्या मनात मी स्वतःचे समर्थन असे केले होते, की मी त्याला दोषी ठरवलेले नाही, केवळ सावधगिरी बाळगली. हे समर्थन मला आज तपासून पाहावेसे वाटते, कारण सावधगिरी ही खरोखरच वेगळी गोष्ट आहे आणि ती कधीकधी कर्तव्यच असते. एखाद्या व्यक्तीविरुद्ध बालकाची तक्रार आली, तर नैतिक निश्चिती येईपर्यंत त्या व्यक्तीला मुलांमध्ये वावरू देणे हा गुन्हा होईल. ख्रिस्तसभेने या बाबतीत जगभर काय केले, ते लपवून लेख पुढे नेणे मला शक्य नाही. दुसऱ्याविषयी चांगले मत बाळगावे हा थॉमसचा नियम आपण वर्षानुवर्षे आपल्याच माणसांना, आपल्याच धर्मगुरूंना लावला. तक्रार करणाऱ्या लेकराला लावला नाही. ते लेकरूही सज्जनच होते, आणि त्याला खोटे मानण्यातही एका माणसावर अन्यायच होत होता.

मग सावधगिरी कोणती आणि निवाडा कोणता? मला सुचते ते असे. सावधगिरी संकटाच्या मापाची असते. कोणाचे रक्षण करायचे आहे हे तिला सांगता येते. आणि तिला मुदत असते: ती घालणाराच ती उठवण्यासाठी वाट पाहत असतो, अहवाल कधी येईल म्हणून चार वेळा विचारतो. माझ्या त्या रविवारच्या घोषणेने कोणाचे रक्षण झाले? चिटणिसाच्या वहीपासून कोणाच्या जिवाला धोका होता? आणि सात महिन्यांत मी एकदाही अहवालाची चौकशी केली नव्हती. आला तेव्हाही फाइल उघडली आणि बंद केली. थॉमसच्या दुसऱ्या पायरीवर मी केव्हाच पोहोचलो होतो. वेदीवरून बोलताना बहुधा तिसऱ्या.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या गावी गेलो. तो आता साठीच्या पुढे गेला आहे. अंगणात बसलो, चहा झाला. मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितले. त्याने ऐकून घेतले. थोड्या वेळाने म्हणाला, "फादर, तुम्ही माझ्या घरी येऊन सांगताय ते चांगलंच आहे. पण मला काढल्याचं तुम्ही माझ्या घरी येऊन नव्हतं सांगितलं." त्याची पत्नी आत उठून गेली.

त्या धर्मग्रामाच्या सध्याच्या धर्मगुरूंना मी पत्र लिहिले आहे. रविवारच्या मुख्य मिस्सानंतर पाच मिनिटे बोलण्याची परवानगी मागितली आहे, आणि ती जुनी झेरॉक्स सोबत जोडली आहे. ज्यांनी माझी पहिली घोषणा ऐकली त्यांतले बरेच जण आज हयात नाहीत. पत्राचे उत्तर अजून यायचे आहे.